कथेचा शेवट लिहिताना: नशीब कुठवर चालू द्यायचं आणि पात्राला कधी ठरवू द्यायचं

सोलापुरातल्या नव्या कथालेखकांना विषयांची वाण नाही. विडी घरकुलात वाढलेली मुलगी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रात्रपाळी केलेला तरुण, मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानातून शहरात शिकायला आलेला पोरगा, यांनी जे पाहिलंय ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्यांच्या कथांची सुरुवात जोरकस असते, मधली पानं जिवंत असतात. अडतं ते शेवटच्या दीड पानात. तिथे अचानक ट्रक येतो, पाऊस येतो, नाहीतर हृदयविकाराचा झटका येतो. ज्या माणसाबरोबर आपण इथवर आलो, त्याला करण्यासारखं काही उरतच नाही.

मी बरीच वर्षं कथा लिहितो आहे, आणि बैठकांमध्ये इतरांच्या कथा ऐकतोही आहे. शेवटाचा प्रश्न सगळ्यांना छळतो. त्यावर जे उपाय कामाचे वाटले, ते इथे पायरीपायरीने मांडतो. मुख्य सूत्र आधीच सांगून ठेवतो: अडचण नशिबाने आणली तरी चालते, तिचा निकाल मात्र पात्राने लावायचा.

आधी काय जमवून ठेवायचं

- कथेचा पूर्ण खर्डा, आत्ता सुचला असेल त्या शेवटासकट. अर्धवट कथेच्या शेवटावर काम करता येत नाही.
- एक वेगळी वही. खर्ड्याच्या समासात लिहू नका, तिथे मोकळा विचार होत नाही.
- कथेतल्या धंद्याची पक्की माहिती: मजुरी कशी मिळते, उचल कशी फेडतात, पाळी कधी बदलते, कायदा काय म्हणतो. याची गरज चौथ्या पायरीला पडेल.
- फोनमधला रेकॉर्डर.
- दोन श्रोते. एक त्या धंद्यातला, दुसरा फारसं न वाचणारा.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. ही कथा मी या लेखासाठीच रचली आहे. नागेश चाळिशीतला, टॉवेल विणणाऱ्या छोट्या कारखान्यात रात्रपाळीला. श्रीनू एकोणीस वर्षांचा, नुकताच लागलेला. एका रात्री नागेशच्या मागावरून धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा टोकदार ठोकळा) उडतो आणि श्रीनूच्या डोळ्याला लागतो. धोटा अडवणारी जाळी मागावर नव्हती. तुटलेला धागा जोडताना हात अडतो म्हणून नागेशनेच ती दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवली होती. हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. सकाळी मालक त्याच्यापुढे कागद ठेवतो: “जाळी पोरानं स्वतःच काढली, असं लिहून दे.”

१. गाठ एका वाक्यात लिहा, आणि त्यात दोन ‘तर’ आहेत का बघा

वहीच्या पहिल्या पानावर कथेतला पेच एका वाक्यात लिहायचा. आमच्या उदाहरणात तो असा: खरं सांगितलं तर नागेशचं काम जातं, नाही सांगितलं तर श्रीनूची भरपाई जाते.

“यंत्रमाग कामगाराच्या आयुष्याची परवड” असं वाक्य आलं, तर तो विषय झाला. पेच अजून सापडलेला नाही. “नागेशवर संकट येतं आणि तो कोलमडतो” यात पेच आहे असं वाटतं, पण त्यात नागेशला निवडायला काहीच नाही. दोन्ही बाजूंनी ‘तर’ यायला हवा, आणि दोन्ही ‘तर’पुढे काहीतरी जायला हवं. हे वाक्य जमत नसेल तर शेवटाकडे वळूच नका. दोष शेवटात नसतो, मधल्या पानांत असतो.

२. दोन रकाने आखा: प्रारब्ध आणि क्रियमाण

कीर्तन-प्रवचनं ऐकत मोठे झालेल्यांना संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण ही कर्माची विभागणी माहीत असते. जे फळाला आलंय आणि टळणार नाही ते प्रारब्ध, आणि आत्ता या क्षणी हातून घडतंय ते क्रियमाण. तुमचा कर्मसिद्धांतावर विश्वास असो वा नसो, कथा तपासायला ही मांडणी फार उपयोगी आहे.

पान उभं दुभंगा. डावीकडे प्रारब्ध: कथा सुरू होण्याआधीच ठरलेलं, किंवा पात्राच्या हाताबाहेरचं सगळं. उजवीकडे क्रियमाण: पात्राने स्वतः केलेलं, आणि करता येत असूनही न केलेलं.

नागेशच्या कथेत धोटा उडणं डावीकडे जाईल. श्रीनू नेमका त्या क्षणी तिथून जात होता, हेही डावीकडे. नागेशच्या मुलीचं लग्न जमलंय आणि मालकाकडून घेतलेली उचल अजून फिटलेली नाही, ही त्याची परिस्थिती आहे. जाळी काढणं कुठे जाईल?

बहुतेक नवे लेखक ते पटकन डावीकडे टाकतात. “सगळेच काढतात हो, नाहीतर माल निघत नाही.” बरोबर आहे, सगळेच काढत असतील. तरी त्या दिवशी पाना हातात घेऊन बोल्ट सैल करणारा हात नागेशचा होता. ही नोंद उजवीकडेच हवी.

या पायरीवर घाई करू नका, कारण कथेचा जीव इथेच सापडतो. माणसं आपली कृत्यं उचलून प्रारब्धाच्या रकान्यात ठेवत असतात. नागेश बायकोला सांगेल, “त्या पोराच्या नशिबातच होतं बघ.” तो हे मनापासून म्हणेल, ते ऐकून त्याला थोडं हलकंही वाटेल. पात्राला असं म्हणू द्या. अवश्य म्हणू द्या, खरी माणसं असंच बोलतात. पण लेखकाने त्यावर विश्वास ठेवायचा नाही. कुठली नोंद कुठल्या रकान्यातली, हे तुमच्या वहीत स्पष्ट असलं पाहिजे. पात्र एखादी नोंद ढकलून डावीकडे नेतं, किंवा ज्या क्षणी ती ओढून पुन्हा उजवीकडे आणतं, तो क्षण बहुतेकदा तुमचा शेवट असतो.

रकाने भरून झाल्यावर उजवी बाजू मोजा. तिथे दोन-तीनच नोंदी असतील, तर तुमचं पात्र कथाभर नुसतं सोसत आलंय. अशा पात्राने शेवटच्या पानावर एकदम मोठा निर्णय घेतला, तर वाचक तो मानत नाही. आधी त्याला छोट्या गोष्टी ठरवायला लावा. सिव्हिलला श्रीनूला बघायला जायचं की नाही, तिथे त्याच्या आईशेजारी बसायचं की लांब उभं राहायचं, तिने पुढे केलेला चहा घ्यायचा की नको म्हणायचं. शेवटच्या निर्णयाची तयारी याच लहान निर्णयांतून होते.

३. नशिबाला जागा द्या, पण सुरुवातीच्या पानांत

योगायोग वर्ज्य नाही. आयुष्य योगायोगांनी भरलेलं आहे आणि कथेतून ते हाकलून दिले तर कथा कोरडी पडते. प्रश्न आहे तो कोणत्या पानावर आणि कोणाच्या बाजूने.

माझा ठोकताळा असा. पात्राला अडचणीत टाकणारा योगायोग कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात आला, तर वाचक बिनतक्रार स्वीकारतो. अडचणीतून सोडवणारा योगायोग कुठेही आला तरी खटकतो, आणि शेवटी आला तर कथा कोसळते. धोटा दुसऱ्या पानावर उडाला, कुणी हरकत घेणार नाही. पण शेवटच्या पानावर शॉर्टसर्किट होऊन मालकाचा कारखाना जळाला, तर नागेशचा पेच सुटला नाही, तो जळून गेला.

तपासायला एक सोपी कृती आहे. शेवटच्या दीड पानातली पात्राच्या हाताबाहेरची प्रत्येक घटना पेन्सिलने खोडा. मृत्यू, अपघात, पाऊस, लॉटरी, अचानक आलेला फोन, सगळं. मग उरलेलं वाचा. काहीच उरलं नसेल, तर शेवट नशिबाने लिहिलाय. तो तुम्हाला लिहायचा आहे.

काही लेखक इथे विचारतात, “माझा नशिबावर खरोखर विश्वास आहे, मग मी खोटं लिहू का?” प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तरासाठी उद्योगपर्वातला कृष्ण आणि कर्णाचा प्रसंग पाहा. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याच्या जन्माचं सत्य सांगतो. तू ज्येष्ठ पांडव आहेस, माझ्याबरोबर ये, राज्य तुझं. कर्णाला पुढचं दिसतंय. अपशकुन त्याने पाहिलेत, पांडवांचा विजय सुचवणारं स्वप्नही त्याला पडलंय. आपली बाजू हरणार हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. आणि तरी नकार देतो: राधेने वाढवलं, अधिरथाने नाव दिलं, दुर्योधनाने माझ्या भरवशावर युद्ध मांडलं. वर कृष्णाला विनंती करतो, की हे युधिष्ठिराला सांगू नकोस. इथे नियती पूर्ण ताकदीनिशी हजर आहे आणि निवडही पूर्णपणे कर्णाची आहे. तो बरोबर वागला की चुकला, यावर आपण आजही वाद घालतो. त्याला भविष्य ठाऊक नसतं, तर हा प्रसंग निम्माही उरला नसता.

म्हणजे नियतीवर श्रद्धा असेल तर ती कथेत जरूर आणा. काय होणार हे नियतीला ठरवू द्या. पात्र त्यापुढे कसं उभं राहतं, एवढं त्याच्याकडे ठेवा. वाचकाला शेवट आधी कळला तर काय, ही भीतीही सोडून द्या. आपल्या गावात तर तिला काही आधारच नाही. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाचा अक्षता सोहळा दरवर्षी होतो. गोष्ट लहान मुलांनाही पाठ असते, आणि संमती कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नसते.

४. दोन्ही वाटांची किंमत खरी आहे का, ते तपासा

नैतिक निवड कागदी वाटते, कारण तिची किंमत लेखकाने अंदाजाने लिहिलेली असते. “खरं बोललो तर सगळं संपेल” हे वाक्य वाचकाला हलवत नाही. सगळं म्हणजे काय?

इथे अभ्यास करावा लागतो, आणि तो टाळू नका. नागेशच्या कथेसाठी मला हे शोधावं लागेल: कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं आहेत आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही असं धरलं, तर श्रीनूच्या भरपाईचा प्रश्न सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याखाली येतो (नोव्हेंबर २०२५ पर्यंत तो १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली येत असे). त्या कायद्यात एक तरतूद आहे. सुरक्षेसाठी आहे हे ठाऊक असूनही कामगाराने संरक्षक साधन मुद्दाम काढलं आणि त्यामुळे इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी मालकावर येत नाही. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर मात्र मालकाला ही पळवाट मिळत नाही. श्रीनूचा एक डोळा गेलाय, दुसरा शाबूत आहे. म्हणजे तो मधे सापडतो.

आता मालकाचा कागद बघा. “जाळी पोरानं स्वतःच काढली” या एका ओळीचं वजन कळतं. ही माहिती हाती येण्याआधी मालक नुसता खलनायक होता. आता तो हिशेब करणारा माणूस झाला, आणि नागेशच्या सहीला नेमकी किंमत आली. कायद्याचं कलम कथेत लिहायची गरज नाही. मालकाच्या तोंडी एक वाक्य पुरे: “पोरानं काढली असली तर माझ्यावर काय येत नाही, वकिलाला विचारलंय मी.”

दुसऱ्या वाटेचीही किंमत तितकीच खरी हवी. काम सुटलं तर उचल एकरकमी मागितली जाणार. मजुरी नगावर, त्यामुळे बसून राहिलेल्या प्रत्येक पाळीला घरात काही येत नाही. एका कारखान्यातून काढलेल्या माणसाची खबर दुसऱ्या कारखान्यात त्याच्या आधी पोचते. मुलीच्या सासरचे लोक त्याच पेठेतले.

पारडं एका बाजूला झुकलेलं असेल, तर निवड उरत नाही. खरं बोलून नागेशचं फक्त थोडं नुकसान होणार असेल, तर न बोलणारा नागेश नीच ठरतो आणि कथा संपते. गप्प राहून श्रीनूचं काही फारसं बिघडणार नसेल, तर बोलणारा नागेश उगाच हुतात्मा होतो. दोन्ही पारडी हाताने जोखून, कमी पडेल तिथे वजन वाढवा.

५. तिसरी वाट बंद करा

चाणाक्ष वाचक लगेच विचारतो: दुसऱ्याच कुणाचं नाव का नाही सांगितलं? युनियनकडे का नाही गेला? गुपचूप श्रीनूच्या घरी पैसे का नाही दिले? अशा सगळ्या पळवाटांची यादी करा आणि प्रत्येक वाट मधल्या पानांत एकेका वाक्याने बंद करा. यासाठी स्वतंत्र प्रसंग लागत नाहीत.

६. निर्णय कृतीतून आणि वस्तूतून दाखवा

आता प्रत्यक्ष लिखाण. नवे लेखक इथे पात्राच्या मनात शिरतात आणि अर्धं पान विचार लिहितात: एकीकडे कर्तव्य, दुसरीकडे कुटुंब, मनात वादळ. हे सगळं वाचकाला आधीच्या पानांतून कळलेलं असतं. शेवटी त्याला नागेशचे हात बघायचे असतात.

कथेत आधीपासून असलेली एखादी वस्तू शोधा. आमच्याकडे ती आहेच: काढून ठेवलेली जाळी. मी लिहिलेला एक शेवट असा:

> मालकाने कागद पुढे सरकवला. पेन वर ठेवलं.
>
> नागेश उठला. “कुठं चाललास बे?” मालक म्हणाला. नागेश काही बोलला नाही. मागांच्या मधून तो पार टोकाला गेला, भिंतीशी टेकवलेल्या रिकाम्या बीमच्या मागे हात घातला आणि जाळी ओढून काढली. कापसाचा थर तिच्यावर जाड बसला होता.
>
> टेबलावर कागद होता, त्यावरच त्याने ती ठेवली.
>
> “ही मी काढली,” तो म्हणाला. “दोन महिने झाले. खरं सांगलालो, मालक.”

इथे थांबायचं. मालक काय म्हणाला, काम गेलं का, भरपाई मिळाली का, यातलं काही नको. निवड झाली.

आता याच कथेचा दुसरा शेवट बघा, कारण चांगली निवड करायलाच हवी असं बंधन पात्रावर नाही. नागेश सही करतो. मालक पाठीवर थाप मारतो. त्या रात्री तो पाळीला येतो, कुणी सांगितलेलं नसताना बीममागची जाळी काढतो, फडक्याने पुसतो आणि आपल्या मागावर बसवतो. चारही बोल्ट घट्ट करतो. धागा तुटतो तेव्हा त्याचा हात अडतो, आणि तो मुकाट्याने वाकून जोडतो.

मला स्वतःला हा दुसरा शेवट अधिक खोल वाटतो. नागेशला कुणी शिक्षा केली नाही. वीज पडली नाही, आजार झाला नाही, मुलीचं लग्न मोडलं नाही. त्याने काय केलंय ते त्याला पूर्ण कळलंय, हे जाळी बसवण्यातून दिसतं, आणि कळूनही तो कागद परत मागायला जात नाही. न्याय-निवाडा वाचकाकडे आला. नव्या लेखकांना चुकीची निवड करणारं पात्र लिहायची भीती वाटते, आपलंच मत तसं आहे असं लोक धरतील म्हणून. ती भीती बाळगू नका. चूक करणाऱ्या पात्राला स्वतःची फसवणूक करता येणार नाही इतकं स्पष्ट लिहिलं, की लेखक कुठे उभा आहे ते वाचकाला कळतं.

संवादाबद्दल एक. सोलापूरची माणसं निर्णायक क्षणी एकदम छापील मराठी बोलू लागतात, असं अनेक खर्ड्यांत दिसतं. कथाभर ‘करलालो’, ‘जालालो’ म्हणणारा माणूस शेवटी “मी सत्याशी प्रतारणा करू शकत नाही” म्हणाला, की तो गेला आणि लेखक आला. तेलुगू घरातला माणूस भावनेच्या भरात मराठीतून तेलुगूत जाईल, किंवा गप्प होईल. गप्प होणं बहुतेकदा जास्त खरं असतं.

७. नेमकं कुठे थांबायचं

निवड आणि तिचा परिणाम या दोन वेगळ्या जागा आहेत. कथा निवडीच्या जवळ थांबवा.

आपल्या गावचं उदाहरण घेऊ. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १९१० चा. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. पथकातले काही जण परतले, ते तिथेच थांबून जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. अशा आयुष्यावरून सुचलेली काल्पनिक कथा लिहायची झाली, तर नवा लेखक हमखास मृत्यूपाशी संपवेल. मृत्यू हा प्रारब्धाच्या रकान्यातला. तो वाचून वाचक हळहळेल, तेवढंच. कथा आहे ती सोबतचे परत निघाले आणि हा थांबला त्या दिवशी. परतीचं सामान बांधणाऱ्या मित्राला मदत करताना त्याने काय केलं, काय बोलला नाही, तिथे शेवट आहे. पुढचा मृत्यू वाचकाला माहीत असला, तर तो त्या प्रसंगाला आणखी वजन देतो.

हेच १९३० च्या सोलापूरबद्दल. मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे ही नावं इथल्या प्रत्येकाला हुतात्मा चौकामुळे माहीत आहेत. त्या काळावर कथा लिहिताना फाशीपाशी संपवलं तर इतिहासाचीच पुनरावृत्ती होते. त्यापेक्षा साक्ष द्यायला बोलावलेला एखादा काल्पनिक गिरणी कामगार घ्या. निकाल त्याच्या हातात नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण उद्या कोर्टात तोंड उघडायचं की नाही, हे त्याच्या हातात आहे. खऱ्या व्यक्तींच्या तोंडी मनचे निर्णय घालू नका. काल्पनिक पात्र शेजारी उभं करा.

८. नेहमीचे सापळे

*शेवटच्या परिच्छेदातला पाऊस.* आपला जिल्हा पावसासाठी तरसतो, त्यामुळे हा मोह फार मोठा. कर्ज, भांडण, वाटणी, सगळं पहिल्या सरीत विरघळून जातं. पाऊस आणायचाच असेल तर तो निर्णय आधी होऊ द्या, किंवा पावसामुळे निर्णय अधिक अवघड होऊ द्या. विहिरीचं पाणी शेजाऱ्याला नाकारून झाल्यावर रात्री धो-धो पाऊस पडला, तर ती कथा आहे.

*आत्महत्येचा तयार शेवट.* शेतकऱ्याच्या कथेत तो इतका सवयीचा झालाय, की तिसऱ्या पानावरच दिसू लागतो. हा विषय खरा आहे, आपल्या आसपासच्या घरांतला आहे. म्हणूनच तो कथा संपवायची सोय म्हणून वापरू नये. निदान एवढं करा: मृत्यू कथेच्या सुरुवातीला घ्या आणि मागे राहिलेल्यांना काय ठरवावं लागतं ते लिहा. कर्जाचं नाव कुणाच्या डोक्यावर, शेत विकायचं का, मुलाने शिक्षण सोडायचं का.

*एका रात्रीत हृदयपरिवर्तन.* कठोर मालक सकाळी उठून पैसे घेऊन दवाखान्यात येतो. यात पेच नागेशचा होता आणि सोडवला मालकाने. पात्र बदलू शकतं, पण बदलाचा पहिला तडा अर्ध्या कथेच्या आत दिसला पाहिजे.

*नशिबाने केलेला न्याय.* वाईट माणसाला अपघात, चांगल्याला बक्षीस. वाचकाला क्षणभर बरं वाटतं, पण मग चांगलं वागणं हा फायद्याचा सौदा ठरतो.

*सापडलेलं पत्र, उघडलेली डायरी, स्वप्न.* टाळा.

*लेखकाचं शेवटचं वाक्य.* “आणि त्याला कळलं, की शेवटी माणुसकीच मोठी.” खर्ड्यातलं शेवटचं वाक्य झाकून बघा. बरेचदा शेवटून तिसरं वाक्य हाच खरा शेवट निघतो.

९. मोठ्याने वाचा आणि योग्य प्रश्न विचारा

शेवटची दोन पानं फोनवर रेकॉर्ड करून एक रात्र जाऊ द्या, मग ऐका. जिथे तुमचा आवाज आपोआप गंभीर होतो, तिथे बहुधा लेखणी घसरलेली असते.

मग श्रोते. धंद्यातल्या माणसाला सगळी कथा वाचून दाखवा आणि फक्त चुका विचारा. जाळी अशी निघते का? चार बोल्ट असतात का? मालक असा कागद कुठे बसून लिहून घेईल? तो एखादी गोष्ट सांगेल जी तुमच्या शेवटापेक्षा सरस असेल, ती घ्या. दुसऱ्या श्रोत्याला “आवडली का?” विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटाचं पान वाचण्याआधी थांबा आणि विचारा, “आता हा काय करेल?” तो लगेच आणि खात्रीने उत्तर देत असेल, तर पारडं झुकलेलं आहे, चौथ्या पायरीवर परत जा. “काही सांगता येत नाही” म्हणत तो कंटाळून बघत असेल, तर पात्र नीट उभं राहिलेलं नाही, दुसऱ्या पायरीवर परत जा. तो अडखळला, एक उत्तर दिलं, मग स्वतःच बदललं, की शेवटचं पान वाचून दाखवा.

१०. पाठवताना

दिवाळी अंकासाठी कथा द्यायची असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तयार ठेवा, गणपतीपर्यंत थांबलात तर उशीर होतो. अंकाची शब्दमर्यादा आधी विचारून घ्या. कथा जास्त भरली तर मधली पानं कमी करा, शेवट आवळू नका. तुमच्याकडे दोन्ही शेवट तयार असतील तर दोन्ही पाठवून संपादकाला निवडायला सांगू नका. कुठला नागेश तुमचा, ते तुम्हीच ठरवा आणि तोच पाठवा. संपादकाने लांबी, भाषा, एखादा प्रसंग याबद्दल सुचवलं तर मोकळेपणाने ऐका. “शेवटी मालकाला अद्दल घडली असती तर बरं झालं असतं” असं सुचवलं, तर रकान्यांचं पान काढून बसा, आणि ती अद्दल कुणाच्या हातून घडणार ते त्यात सापडतं का बघा. सापडलं तर बदला. नाही सापडलं तर नम्रपणे तसं कळवा आणि कथा दुसऱ्या अंकाकडे पाठवा.